पोरसच्या धनुष्याची लांबी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नातीसाठी धनुष्य घ्यायचे ठरले. २०२३ साली साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवले, तेव्हापासून आमच्या गावात ज्या घरी शाळकरी मुलगी आहे त्या घरी हा विषय एकदा तरी निघतोच. आमची १३ वर्षांची आहे. दीड वर्ष क्लासमधल्या सामायिक धनुष्यावर शिकली, आता स्वतःचे हवे म्हणाली. पैसे मी देणार होतो, म्हणून मलाही बरोबर नेले.

माझी कल्पना अशी की क्रिकेटची बॅट घेतो तसे धनुष्य घ्यायचे. दुकानात जायचे, दोन-चार हातात धरून बघायची, घासाघीस करायची आणि घरी यायचे. तिच्या सरांनी तिला आधी भिंतीला पाठ लावून उभे केले. दोन्ही हात आडवे पसरायला सांगितले आणि एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत टेपने माप घेतले. साडेएकसष्ट इंच भरले. त्याला अडीचने भागले. साडेचोवीसच्या किंचित वर आकडा आला. मग एक अगदी हलके धनुष्य तिच्या हाती देऊन, इंचाच्या खुणा केलेला बाण ओढायला लावून तो आकडा पुन्हा ताडून पाहिला. याला ही मंडळी 'ड्रॉ लेंग्थ' म्हणतात. मी आपला 'ओढ' म्हणतो. तीर सोडण्याआधी दोरी जिथपर्यंत मागे येते ती ओढ.

"हिला ६४ पण चालेल, ६६ पण चालेल," सर म्हणाले.

"उंचीवरून नाही ठरत?" मी विचारले.

"उंचीवरून अंदाज येतो, काका. ठरतं ते ओढीवरून."

मग त्यांनी मला शिकवले. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला असे कोणी पाटी-पेन्सिल घेऊन बसवले की मजा वाटते. धनुष्य ओढीच्या मानाने आखूड असेल तर पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन फार अरुंद होतो. दोरी बोटांना चिमटे काढते. शिवाय शेवटच्या दोन इंचांना धनुष्य हट्टाला पेटते. तोवर गुमान मागे येत असते आणि एकदम जड होते. मग मुलांचा हात थरथरतो आणि तीर भलतीकडे जातो. उलट ओढीच्या मानाने धनुष्य फारच लांब असेल तर त्याच्या पात्यांना पुरता बाकच येत नाही, त्यांच्यातला जोर वाया जातो आणि तीर मंद निघतो. त्यातल्या त्यात लांब धनुष्य स्वभावाने शांत, चुका पोटात घालणारे. आखूड धनुष्य चपळ, पण हाताची बारीकशी चूकही मोठी करून दाखवणारे. साधारण २६ ते २८ इंच ओढीच्या माणसाला ६६ किंवा ६८ इंची, त्याहून लांब हाताच्याला ७०. आमच्या मुलीची अजून उंची वाढते आहे, म्हणून सरांनी ६६ सांगितले. शाळेचा गणवेश शिवताना आपण शिंप्याला "जरा वाढत्या अंगाचा घ्या" म्हणतो, तसेच म्हणा ना.

(६६ इंची म्हणजे टेप लावला की टोकापासून टोकापर्यंत ६६ भरेल असे मात्र समजू नका. पाती वळलेली असतात. त्याची दोरीच ६३ इंचांच्या आसपास असते. हा हिशेब मला दोनदा विचारावा लागला.)

एवढे झाल्यावर नातीने सराव करायला क्लासचे जुने धनुष्य काढले. दोरी चढवण्यासाठी एक वेगळी जाड दोरी असते. तिची दोन टोके धनुष्याच्या दोन टोकांत अडकवायची, खाली लोंबणाऱ्या भागावर पाय रोवायचा आणि धनुष्य मुठीशी धरून वर खेचायचे. पाती वाकतात, मग खरी दोरी खाचेत सरकवायची. तिने पाय रोवला आणि मला एकदम १९७६ सालचा आठवीचा वर्ग आठवला.

मी तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी एका हायस्कूलमध्ये इतिहास-मराठी शिकवत होतो. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले भिल्ल आणि पावरा. विषय चालला होता झेलमच्या लढाईचा, इसवी सनापूर्वी ३२६, अलेक्झांडर आणि पोरस. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे 'कारणे द्या : झेलमच्या लढाईत पोरसचा पराभव झाला', गुण २. त्याचे उत्तर मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे. पाऊस पडून चिखल झाल्यामुळे पोरसचे रथ रुतले, हा एक गुण. भारतीयांची धनुष्ये माणसाएवढी लांब असून ती जमिनीला टेकवून पायाने दाबून धरावी लागत, त्यामुळे निसरड्या जमिनीवर ती निरुपयोगी ठरली, हा दुसरा गुण.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो तोंडही उघडत नसे.

"गुरुजी, पाय दोरी चढवताना लावतात. तीर मारताना पाय लावला तर पळणार कसं?"

वर्ग हसला. मीही हसलो. "तू पळायचं बघू नकोस, फळ्यावरचं लिहून घे," असे काहीसे बोललो. सहामाहीत तोच प्रश्न आला. त्याने उत्तरात एकच ओळ लिहिली होती, 'त्यांना पळता येत नव्हतं.' मी दोनपैकी शून्य दिले. लाल शाईने शेरा मारला, 'उत्तर पाठ करावे.'

त्या भागात राहून मी होळीला, भोंगऱ्या बाजाराला खांद्यावर तिरकमठा घेतलेली माणसे किती वेळा पाहिली असतील! भरीव वेळूचे धनुष्य, आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची, चपटी. बापाच्या हाताखाली ते करायला शिकलेला पोरगा माझ्या वर्गात होता आणि धनुष्याबद्दल मी त्याला शिकवत होतो. मी आयुष्यात तोवर एकदाही तीर सोडला नव्हता. अजूनही नाही.

असो. निवृत्तीनंतर माणसाला जुन्या गोष्टी उकरायला वेळ मिळतो. माझे फळ्यावरचे वाक्य मुळात आले कुठून, हे मी बऱ्याच वर्षांनी शोधले. मॅक्रिंडल नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकात ग्रीक-रोमन लेखकांचे भारताविषयीचे मजकूर भाषांतर करून छापले. ती पुस्तके आता फुकट वाचायला मिळतात, मुलाने टॅबवर काढून दिली. माझे बी.ए. मराठी माध्यमातले. शब्दकोश मांडीवर घेऊन रोज चार पाने अशा गतीने वाचली.

माझ्या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या जागचा मजकूर शिवलेला निघाला.

पहिली जागा एरियनच्या 'इंडिका'ची. एरियन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, पण त्याने इथे आधार घेतला आहे तो निआर्कसचा, म्हणजे अलेक्झांडरच्या आरमाराच्या प्रमुखाचा. हा माणूस स्वतः इथे येऊन गेलेला. तो सांगतो की भारतीय पायदळाचे धनुष्य ते बाळगणाऱ्याच्या उंचीएवढे असते, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबतात आणि दोरी खूप मागे ओढून तीर सोडतात. तीर तीन हातांहून थोडाच कमी, आणि त्यापुढे ढाल टिकत नाही की चिलखत टिकत नाही. इथे पराभवाची गोष्टच नाही. हे सरळ सरळ कौतुक आहे.

दुसरी जागा कर्टियस या रोमन लेखकाची. लढाईच्या वर्णनात तो म्हणतो की भारतीयांचे बाण लांब आणि जड, धनुष्य आधी जमिनीवर टेकवल्याशिवाय बाण नीट लावता येत नसे, जमीन निसरडी होती, आणि ते खटपट करत असतानाच चपळ शत्रू अंगावर आला. म्हणजे माझा दुसरा गुण हा कर्टियसचा.

तिसरी जागा पुन्हा एरियनची, पण त्याच्या अलेक्झांडरवरच्या मोठ्या ग्रंथातली. रात्री वादळी पाऊस झाला, त्याच्या आडोशाने अलेक्झांडर नदी उतरला, आणि पोरसचा मुलगा रथ घेऊन आधी त्याच्यावर चालून गेला तेव्हा ते रथ चिखलात कुचकामी ठरले, हे सगळे तिथे आहे. पण पुढचे वाक्य वाचून मी टॅब खाली ठेवला. मुख्य लढाईसाठी पोरस निघाला आणि जिथे चिखल नाही, वाळूमुळे जमीन सपाट व टणक आहे, अशी जागा पाहून तिथे त्याने आपले सैन्य उभे केले! तीस हजार पायदळ, चार हजार घोडेस्वार, तीनशे रथ, दोनशे हत्ती. पाय घसरून धनुष्ये निकामी झाली असे एरियनच्या लढाईत कुठेही नाही.

दोघांपैकी खरे कोण? जाणकारांचा एरियनवर भरवसा अधिक, कारण त्याने लढाईत हजर असलेल्यांच्या लेखनाचा आधार घेतला आहे. मलाही तसेच वाटते. कर्टियस गोष्ट रंगवून सांगणारा माणूस. पण ते काही असो, मी तीस वर्षे मुलांना चिखल आणि लांब धनुष्य एवढ्यावर पोरसला हरवायला लावले, आणि त्या पोरसने चिखल टाळायची तजवीज स्वतः केली होती.

आता लांबीचे. नातीच्या सरांनी भागाकार करून दाखवला त्या रात्री मी वहीत आकडेमोड केली. माणसाचे पसरलेले हात साधारण त्याच्या उंचीएवढे भरतात. ओढ म्हणजे त्याचा अडीचावा भाग. साडेपाच फुटी, म्हणजे ६६ इंची माणसाची ओढ झाली साडेसव्वीसच्या आसपास, आणि कानापर्यंत ओढणारा असेल तर आणखी दोन-तीन इंच. एकाच लाकडाचे किंवा बांबूचे साधे धनुष्य करणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की धनुष्य ओढीच्या दुपटीहून थोडे जास्तच लांब हवे, नाहीतर ते मोडते. एकोणतीसची दुप्पट अठ्ठावन्न, वर सात-आठ इंच धरा. आले ६६! माणूसही ६६ इंच, धनुष्यही ६६ इंच. निआर्कसला जे नवल वाटले ते नवल नव्हते, तो हिशेब होता. साध्या बांबूचे जोरकस धनुष्य पूर्ण ओढायचे तर ते माणसाएवढेच होणार.

आपल्याकडे हे माप इतके मुरलेले होते की धनुष्य हे अंतर मोजायचे एककच होऊन बसले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ९६ अंगुळे म्हणजे एक धनू, अर्थात चार हात. आजच्या मापाने सहा फुटांच्या आसपास. त्याच ग्रंथात शस्त्रागाराच्या प्रकरणात धनुष्य कशाकशाचे करावे तेही दिले आहे : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोऱ्यांसाठी मूर्वा, रुई, ताग आणि स्नायू ही नावे येतात. यातले शिंग महत्त्वाचे, कारण धनुष्य आखूड करायची किल्ली त्यात आहे.

लाकूड एका मर्यादेपलीकडे वाकवले की तुटते. पण आतल्या बाजूला, जिथे दाब येतो तिथे शिंगाची पट्टी लावली, आणि बाहेरच्या बाजूला, जिथे ताण येतो तिथे जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवले, तर चार फुटांच्या आतले धनुष्यही कानापर्यंत ओढता येते. घोड्यावरून लढणाऱ्या मध्य आशियातल्या लोकांनी हेच केले. घोड्याच्या मानेवरून डावीकडून उजवीकडे धनुष्य फिरवायचे तर ते आखूडच बरे. पुढे तुर्कांनी या विद्येची कमाल केली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या तुर्की वकिलातीतल्या एका चिटणीसाने असल्या आखूड धनुष्याने पावणेपाचशे यार्डांहून लांब तीर टाकून तिथल्या हौशी तिरंदाजांना थक्क केले होते. मात्र असे धनुष्य करायला महिनोन् महिने लागत, आणि त्याचा वैरी म्हणजे दमट हवा. सरस ओलावा धरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते जपणे म्हणजे तान्हे मूल जपण्यासारखे. हिंदुस्थानात पुढे चक्क पोलादाची धनुष्ये घडवली गेली ती याच पायी. शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी सांध्यातून सुटत नाहीत. वेळूच्या धनुष्याला असले लाड लागत नाहीत. रानात जायचे, वेळू तोडायचा, तासायचा.

झेलमच्या काठी ही दोन्ही धनुष्ये समोरासमोर आली, हे माझ्या फळ्यावर कधीच आले नव्हते. अलेक्झांडरने लढाईला तोंड लावले ते सुमारे एक हजार अश्वारूढ धनुर्धर पोरसच्या डाव्या बगलेवर सोडून. घोड्यावरचे आखूड धनुष्य धावत येते, तीर टाकते आणि निघून जाते. जमिनीवरचे माणसाएवढे धनुष्य एका जागी उभे असते.

मग लांब धनुष्य हरतेच का? नाही. आणि इथे मला फ्रान्समधली अ‍ॅजिनकोर्टची लढाई पुढे करायची आहे. २५ ऑक्टोबर १४१५. आदल्या रात्री पाऊस, नांगरलेले शेत, नुसता रबरबाट. एका बाजूला इंग्लंडचा पाचवा हेन्री, त्याच्याकडे हजारो पायी तिरंदाज, प्रत्येकाच्या हातात माणसाहून उंच धनुष्य. पाऊस तोच, चिखल तोच, लांब धनुष्येही तशीच. माझ्या फळ्यावरच्या नियमाने इंग्रज हरायला हवे होते. पण चिखलात रुतले ते चिलखती फ्रेंच सरदार, आणि लांब धनुष्य जिंकले. कारण राजाने प्रत्येक तिरंदाजाला टोक काढलेला सोटा बरोबर घ्यायला लावला होता. तो समोर तिरपा रोवला की घोडा अंगावर येत नाही. शिवाय दोन्ही बाजूंना दाट रान होते, बगलेतून यायला वाट नव्हती. तिथल्या तिरंदाजाला पळायची गरजच पडू नये अशी सोय केलेली होती. पोरसच्या माणसाला ना सोटा, ना रान.

ती इंग्रजी धनुष्ये नेमकी केवढी असत हे आता मोजून ठाऊक आहे. १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' हे इंग्लंडच्या राजाचे लढाऊ जहाज १९८२ साली समुद्रातून वर काढले. त्यात शंभरावर अखंड धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले. यू नावाच्या झाडाची धनुष्ये, बहुतेक सव्वासहा ते सात फुटांच्या दरम्यान, आणि ओढायला शंभर पौंडांच्या वर, काही तर दीडशेच्याही पुढची. आमच्या नातीचे आज २० पौंडांचे आहे! अशी ताकद एका दिवसात येत नाही. ह्यू लॅटिमर नावाच्या बिशपने १५४९ साली राजापुढे केलेल्या प्रवचनात आपल्या लहानपणाची आठवण सांगितली आहे. वडील त्याच्या वयाप्रमाणे आणि ताकदीप्रमाणे धनुष्य आणून देत, आणि तो वाढेल तसे धनुष्यही वाढवत. साताऱ्यातले सर वेगळे काय करतात?

एवढे झाल्यावर मी मनाशी नियम केला होता, पायी माणसाला लांब आणि घोडेस्वाराला आखूड. तो जपान्यांनी मोडला. त्यांचे धनुष्य सव्वासात फुटांचे, माणसापेक्षा कितीतरी उंच, आणि ते घोड्यावरून चालवत. त्यासाठी त्यांनी मूठ मधोमध न ठेवता खालच्या टोकाकडे, साधारण तिसऱ्या हिश्शावर ठेवली. खालचा भाग आखूड असल्याने तो घोड्याच्या पाठीवरून अलीकडे-पलीकडे नेता येतो. तिसऱ्या शतकातल्या एका चिनी बखरीतसुद्धा त्या बेटांवरच्या धनुष्याचा खालचा भाग आखूड आणि वरचा लांब अशी नोंद आहे.

शिकारीचेही असेच. दाट रानात आखूड धनुष्य सोयीचे, असे ऐकताक्षणी पटते. पण बोलिव्हियाच्या जंगलातले सिरिओनो लोक सात ते नऊ फुटांचे धनुष्य घेऊन शिकार करत. आणि कलहारीच्या उघड्या माळावरचे सान लोक, ज्यांना लांब धनुष्य न्यायला कोणतीच अडचण नव्हती, त्यांचे धनुष्य तीन-साडेतीन फुटांचे, खेळण्यासारखे. कारण त्यांच्या बाणाला विष असते. बाण नुसता रुतला तरी पुरे, बाकीचे काम विष करते. ते काम शिकाऱ्याच्या पायांचे. जनावराच्या अगदी जवळ रांगत जायचे आणि नंतर मैलोगणती त्याच्या मागावर राहायचे. अमेरिकेतले आजचे शिकारी झाडावर मचाण बांधून बसतात. तिथे फांद्यांत अडकू नये म्हणून चाकांचे 'कंपाउंड' धनुष्य घेतात, तीसेक इंचांचे. त्याच जातीचे धनुष्य नेमबाजीच्या मैदानावर मात्र छत्तीस-चाळीस इंचांचे पसंत करतात, कारण तिथे लपायचे नसते, स्थिर राहायचे असते. अदितीचे पदक कंपाउंडमधले. ही चाकांची युक्ती अमेरिकेतल्या अ‍ॅलन नावाच्या माणसाची, १९६९ साली त्याला पेटंट मिळाले. चाके आल्यापासून धनुष्याची लांबी आणि ओढ यांची हजारो वर्षांची गाठ बरीचशी सुटली. आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो मिटवला. आमच्या सातपुड्यातल्या मुलांच्या घरी तिरकमठा होता तो मानाचा आणि सणाचा, आणि थोडा राखणीचा.

राहता राहिला डावा पाय. निआर्कसने पाहिले ते तीर मारताना की दोरी चढवताना? त्याचा मजकूर आपल्यापर्यंत एरियनच्या हातून आला, आणि एरियन तर स्पष्ट म्हणतो की मारताना. माणसाएवढ्या धनुष्याचे खालचे टोक जमिनीवर टेकणार, ते सरकू नये म्हणून पायाने अडवले तर त्यात अशक्य काही नाही. अलेक्झांडरच्या काळातली मानली जाणारी काही चांदीची नाणी आहेत. त्यांवर एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ स्वतःएवढे धनुष्य ओढणारा भारतीय धनुर्धर आहे. म्हणजे लांबीबद्दल तरी शंका नको. पायाच्या बाबतीत माझे मत सावकाश त्या मुलाकडे झुकत गेले आहे. ज्याने कधी धनुष्य केले नाही अशा परक्या माणसाला छावणीत पाय रोवून दोरी चढवणारे सैनिक रोज दिसले असतील, आणि त्याने दोन गोष्टींची एक केली असेल. हे माझे मत, पुरावा नव्हे. परीक्षेत लिहू नये.

पण गंमत अशी की मुलाचे म्हणणे दोन्ही बाजूंनी खरे ठरते. पाय लावत नव्हते म्हटले तर माझे फळ्यावरचे उत्तर चूक. लावत होते म्हटले तर त्याने लिहिलेली ओळ बरोबर, कारण मग त्यांना खरोखरच पळता येत नव्हते. पुढून घोड्यावरचे धनुर्धर, मागून वळसा घालून आलेला कोइनसचा रिसाला, मध्ये बिथरलेले हत्ती आपल्याच माणसांना तुडवताहेत, आणि या सगळ्यात एका जागी उभे राहून काम करणारे हत्यार हातात. चार शब्दांत त्याने ते लिहिले होते.

तो मुलगा नववीत आला नाही. त्या काळी आमच्या शाळेत आठवीनंतर बरीच मुले यायची थांबत. बाकावर आला नाही की आम्ही हजेरीपटावर नावापुढे रेघ मारत असू.

हे सगळे मी नातीला सांगितले. लाल शाईच्या शेऱ्यासकट. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आबा, त्याचं धनुष्य केवढं होतं?"

"त्याच्या भुवईपर्यंत यायचं," मी म्हणालो. एकदा भोंगऱ्याच्या दिवशी तो बापाबरोबर दिसला होता, धनुष्य शेजारी उभे धरून. मला पाहून त्याने ते पाठीमागे घेतले होते.

"म्हणजे ओढीच्या दुपटीहून जास्त," ती म्हणाली. "बरोबर आहे."

डिसेंबरात खोके आले. मूठ निळी, पाती पांढरी, आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ६६ छापलेले. सरांनी दोरीची उंची मोजली, दोन पीळ वाढवायला सांगितले. पोरीने ती जाड दोरी दोन्ही टोकांना अडकवली, तिच्यावर पाय रोवला, मूठ वर खेचली आणि दोरी खाचेत बसवली. मग पाय काढून घेतला आणि रेषेवर जाऊन उभी राहिली.